चाळीस माणसांचा डीजे

तुळशीचं लग्न लागलं की महाराष्ट्रात लग्नसराई सुरू होते, आणि त्याच सुमारास इन्स्टाग्रामवर नव्या डीजेंची पानं उगवू लागतात. एका पानावरून दुसऱ्यावर गेलं तरी आपण जागचे हललोच नाही असं वाटावं इतकी ती सारखी असतात. धुरात उभा असलेला काळ्या टी-शर्टातला मुलगा, एका कानावर हेडफोन, एक हात हवेत, खाली 'बुकिंगसाठी संपर्क' आणि मोबाइल नंबर. फॉलोअर दोन-चारशे. त्यांतले बरेचसे वर्गमित्र आणि आतेमामेभाऊ, उरलेल्यांत दुसरे डीजे, आणि त्यांचा डोळा याच्याच सुपारीवर. या मुलांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत आणि सल्ला एकच आहे: रोज काहीतरी टाकत राहा, आज ना उद्या चालेल. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. थोडे चाहते असलेल्या डीजेची अडचण 'नाव फार लोकांपर्यंत पोचत नाही' ही नसतेच. जी चाळीस माणसं त्याला ओळखतात, त्यांना त्याच्याबद्दल आणखी कुणाला सांगण्याजोगं काही सापडत नाही, ही खरी अडचण आहे. आधी ती दूर झाल्याशिवाय जाहिरातीवर घातलेला वेळ आणि पैसा पाण्यात जातो.

हे असं का झालं, ते या धंद्याच्या अर्थकारणात पाहावं लागतं. एके काळी डीजेकडे दुर्मीळ वस्तू असे: तबकडी. १९५०च्या दशकात जमैकातल्या किंग्स्टन शहरात कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड यांच्यासारखे साउंड सिस्टीमवाले अमेरिकेतून तबकड्या आणत आणि वरचं लेबल खरवडून टाकत, म्हणजे गाण्याचं नाव प्रतिस्पर्ध्याला कळू नये. ते गाणं ऐकायचं तर त्याच मैदानात जावं लागे. तिथे वेगळी जाहिरात कशाला हवी? आज नवख्या डीजेच्या हातात तीसेक हजारांच्या आसपासचा कंट्रोलर असतो, लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्स किंवा व्हर्च्युअल डीजे असतं, आणि दोन गाण्यांची लय जुळवून देणारं 'सिंक'चं बटण असतं. जे गाणं त्याच्याकडे आहे ते मांडवातल्या प्रत्येक पोराच्या फोनमध्येही आहे. यंत्र सगळ्यांकडे, गाणी सगळ्यांकडे, आणि लय जुळवण्याचं कसब, ज्यासाठी पूर्वी वर्षं जात, तेही बटणात गेलेलं. मग दुर्मीळ काय उरलं? समोरच्या गर्दीला काय हवं ते ओळखणं, आणि ठरल्या वेळी ठरलेलं काम करील असा भरवसा. या दोन्ही गोष्टी फोटोत दिसत नाहीत. म्हणून फोटो सारखे दिसतात.

आपल्याकडे नाव पोचवायची एक देशी रीत आहे आणि तिची चेष्टा करण्याआधी ती समजून घ्यायला हवी. मिरवणुकीतल्या किंवा हळदीतल्या रीमिक्समध्ये मधूनमधून एक घोगरा आवाज येतो आणि डीजेचं नाव सांगून जातो. गाणं पेन ड्राइव्हवरून, ब्लूटूथवरून, व्हॉट्सअॅपवरून गावोगाव फिरणार, कुणी कुणाला श्रेय देणार नाही, हे गृहीत धरून केलेली ती सोय आहे. चोरी झाली तर माल नाव घेऊनच चोरीला जावा, असा विचार त्यात आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही. पण त्यातून जे नाव पोचतं त्याचं पुढे काय होतं? ऐकणाऱ्याला नाव पाठ होतं, माणूस कळत नाही. शिवाय पश्चिम महाराष्ट्रात गर्दी ज्याला ओळखते तो बहुतेकदा डीजे नसतोच. ती 'गाडी' असते. ट्रकवर रचलेल्या बेसच्या भिंतीवर नाव असतं ते साउंड सिस्टीमच्या मालकाचं. गाडी कुठली आली यावर चर्चा होते, वाजवायला कोण बसलंय हे क्वचितच विचारलं जातं. नवखा डीजे अशा गाडीवर चार हंगाम काढतो आणि चाहते जमतात मालकाला. प्रसिद्धीचा विचार करताना हा हिशेब आधी करायला हवा, कारण आपण नक्की कुणाची प्रसिद्धी करतो आहोत हेच पुष्कळांना चार हंगामांनंतर कळतं.

दुसरा हिशेब उसन्या जागेचा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होतं. भारतातल्या ज्यांनी आपला सगळा श्रोतृवर्ग तिथे उभा केला होता, त्यांचा तो पाहता पाहता हातचा गेला. त्यांतल्या कुणाचीच त्यात चूक नव्हती. यूट्यूबवर सरकारी हुकमाचीही गरज लागत नाही. दुसऱ्याचं गाणं विनापरवाना घेऊन केलेलं रीमिक्स तिथली 'कंटेंट आयडी' ही यंत्रणा आपोआप ओळखते. मग कमाई मूळ हक्कदाराकडे वळते किंवा व्हिडिओ बंद होतो. हक्कदाराने रीतसर तक्रार केली तर 'स्ट्राइक' बसतो, आणि ९० दिवसांत असे तीन बसले की चॅनेलच जातं. आता नवख्या डीजेंची बहुतेक चॅनेलं उघडून पाहावीत. दुसऱ्यांच्या गाण्यांवर उभी असलेली ती घरं केव्हाही खाली करायला लागू शकतात.

याउलट व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीचा एक नियम पाहण्यासारखा आहे. एका यादीत २५६ माणसं मावतात आणि निरोप पोचतो तो फक्त ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच. लोक याला अडचण समजतात. मला ती या सगळ्या पसाऱ्यातली एकमेव प्रामाणिक मोजणी वाटते. फॉलो करायला अंगठा पुरतो. नंबर साठवायला तुम्ही पुन्हा लागाल असं वाटावं लागतं. ज्या डीजेला किती जणांनी नंबर साठवलाय हे ठाऊक आहे, त्याला आपला चाहतावर्ग ठाऊक आहे. तो आकडा चाळीस असेल तर चाळीस. चाळीस हा आकडा लहान नाही, आणि त्याचं कारण भूगोलात आहे.

केविन केली या अमेरिकी लेखकाने २००८ साली एक कल्पना मांडली आणि ती कलाकारांच्या जगात फार गाजली: कलाकाराला लाखो चाहते लागत नाहीत, हजार सच्चे चाहते पुरतात. प्रत्येकाने वर्षाला शंभर डॉलर खर्च केले की झालं. लेखक, चित्रकार, गायक यांच्यासाठी हा हिशेब ठीक आहे, कारण पुस्तक टपालाने जातं आणि गाणं तारेवरून. डीजे विकतो ती एक रात्र, एका ठिकाणची. चंद्रपूरचा सच्चा चाहता चिपळूणच्या कार्यक्रमाला येणार नाही. त्याने रील दहादा पाहिली तरी चिपळूणच्या हॉलमालकाला त्याचा उपयोग शून्य. हजार चाहते वीस जिल्ह्यांत सारखे विखुरले तर कुठेच पन्नासच्या वर जमत नाहीत. चाळीस चाहते एका तालुक्यात असले, आणि त्यांतल्या निम्म्यांनी एकेक मित्र आणला, तर ऐंशी माणसांची खोली तीन चतुर्थांश भरते. बुधवारी रिकाम्या पडणाऱ्या कॅफेच्या मालकाला ती गर्दी दिसते, मोजता येते, आणि गल्ल्यातही दिसते. म्हणजे नवख्या डीजेने आपली पोच वाढवण्याआधी ती आखडून घ्यायला हवी: एक गाव, एक वस्ती, एक कॉलेज, एक प्रकारचं संगीत. इन्स्टाग्रामचं गणित नेमकं याच्या उलट चालतं. ते रील अनोळखी माणसांना दाखवतं आणि त्यांच्या संख्येने तुम्हाला खूश ठेवतं.

ज्या प्रसंगापासून हिप-हॉपचा इतिहास मोजला जातो तो याच मापाचा होता. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीची करमणुकीची खोली. डीजे होता कूल हर्क, पण पार्टी भरवली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी पैसे हवे होते. तिने हाताने लिहिलेली कार्डं वाटली. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. या गोष्टीत हर्कच्या वाजवण्याची चर्चा नेहमी होते आणि सिंडीच्या कार्डांची फारशी होत नाही; खरं तर नवख्या डीजेने शिकायचं ते सिंडीकडून. तिने ब्राँक्सभर पत्रकं चिकटवली नाहीत. जी मुलं चालत येऊ शकतात त्यांच्या हातात कार्ड दिलं, त्यावर तारीख, जागा आणि भाव लिहिला. आणखी एक: प्रसिद्धी करणारी व्यक्ती वाजवणारी नव्हती. 'मी भारी आहे' हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी शोभतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्याच शहरात डेव्हिड मॅन्क्युसोने १९७०पासून आपल्या राहत्या माळ्यावर चालवलेल्या 'द लॉफ्ट'मध्ये तर निमंत्रणाशिवाय प्रवेशच नव्हता. नृत्यसंगीताच्या इतिहासात त्या माळ्याला जे स्थान आहे ते मोठमोठ्या क्लबांना मिळालं नाही.

परदेशातच जायला हवं असं नाही. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात दर वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड राहुट्या ठोकतात आणि गावोगावचे जत्रेचे पंच तिथे येऊन सुपाऱ्या देतात. तिथे फलक असतात, फोटो असतात, पण पंच येतो तो मागच्या जत्रेची आठवण घेऊन: फड वेळेवर आला होता का, वग रंगला होता का, भांडणतंटा झाला होता का. ठरवणारा माणूस आणि नाचणारा माणूस वेगळे असतात, ही गोष्ट त्या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपला डीजे मात्र सगळी प्रसिद्धी नाचणाऱ्याला उद्देशून करतो. लग्नात डीजे कोण ठरवतं? नवरदेवाचा मित्र एखादं नाव सुचवतो हे खरं, पण लॉन्सचा व्यवस्थापक, मंडपवाला, केटरर आणि फोटोग्राफर यांच्या शब्दाला वजन असतं, कारण ते दर आठवड्याला नवा डीजे पाहतात. कोणाची केबल जागेवर नव्हती, कोणाचा जनरेटरवाल्याशी वाद झाला, पंगत बसल्यावर सांगूनही कोणी आवाज कमी केला नाही, हे सगळं त्यांच्या लक्षात असतं. फोटोग्राफरला कार्यक्रमानंतर 'तुमचा व्हिडिओ वापरू का, खाली तुमचं नाव देतो' असं विचारणारा डीजे त्याच्याकडून फुकटात चांगलं चित्रीकरण मिळवतो आणि पुढच्या चार लग्नांत आपल्या नावाचा शब्द टाकणारा माणूसही. ही प्रसिद्धी कुठल्याही पानावर दिसत नाही. म्हणूनच नवख्यांना ती माहीत नसते.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की हे सगळं जुन्या जगाचं शहाणपण झालं. एक गाणं चाललं की सगळं बदलतं, आणि चालतं ते फोनवरच. पुरावाही समोर आहे. २०२४ साली क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे, आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी हाऊस गाणं रीलांवरून देशभर गेलं, आणि ते आलं होतं स्पिनिन रेकॉर्ड्स या नृत्यसंगीतातल्या नामांकित डच कंपनीकडून. मग चाळीस माणसांत कशाला अडकायचं? पण हे उदाहरण नीट पाहिलं तर ते माझ्याच बाजूचं आहे. एक तर ते स्वतःचं गाणं होतं. त्यावर कुणाचा स्ट्राइक बसणार नव्हता, आणि ते जितकं फिरलं तितकं करणाऱ्याच्या खात्यावर जमा झालं. दुसरं म्हणजे ते एका वाक्यात सांगता येत होतं: हाऊसच्या ठेक्यावर मराठी. ऐकणाऱ्याला दुसऱ्यापाशी बोलायला विषय मिळाला. रीलने ते वाक्य पोचवलं, तयार केलं नाही. न्यूक्लिया म्हणजे उद्यन सागर याने 'बास रानी' हा अल्बम २०१५मध्ये फुकट डाउनलोडला ठेवला, आणि तिथेही तेच: देशी बँडबाजाचा रस्त्यावरचा आवाज आणि इलेक्ट्रॉनिक बेस. ज्याच्याकडे असं वाक्य नाही त्याने रोज रील टाकली तर रोज एक विसरण्याजोगी गोष्ट जमा होते. आणि ज्याला स्वतःचं गाणं करायचं नाही, फक्त उत्तम वाजवायचं आहे, तोही डीजेच आहे. त्याचं वाक्य वेगळं असेल: 'नव्वदच्या दशकातली मराठी गाणी तो अशी लावतो की आत्याबाई उठतात', किंवा 'हळदीला फक्त कोळीगीतं आणि आगरी, हिंदी एकही नाही'. असं वाक्य चाहत्यांच्या तोंडून ऐकू येईपर्यंत संगीतावर काम करावं. लोगो नंतर होतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: पबचा व्यवस्थापक फॉलोअर किती ते विचारतो, मग करायचं काय? विचारतो, हे खरंच. पण त्याच्या प्रश्नामागचा प्रश्न आहे, 'तुझ्यामुळे दारातून किती माणसं आत येतील?' फॉलोअर हा त्याला मिळालेला कच्चा अंदाज आहे, कारण त्याहून चांगला आकडा त्याच्यापुढे कुणी ठेवत नाही. 'मागच्या तीन कार्यक्रमांना अमुक जण आले, त्यांतले इतके दुसऱ्यांदा आले' असं सांगणारा नवखा डीजे तिथे वेगळा दिसतो. यात एक खरा धोका मात्र आहे आणि तो या व्यवसायातले सगळे जाणतात. गर्दी आणायची जबाबदारी डीजेवर टाकून त्याचे मित्र संपेपर्यंत त्याला वाजवू द्यायचं, मग पुढचा नवखा बोलवायचा, अशी पद्धत अनेक शहरांत चालते. पहिल्या कार्यक्रमाला पंचवीस मित्र, दुसऱ्याला बारा, तिसऱ्याला तीन. मित्र हा चाहता नसतो; तो तुमच्यासाठी येतो, संगीतासाठी नाही, आणि त्याचं येणं उसनवारीचं असतं. त्यामुळे मोजायचं ते मित्र सोडून. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस येऊन 'हे कुठलं होतं?' असं विचारून गेला, तर त्याचं नाव आणि नंबर त्या रात्रीची खरी कमाई. आणि वारंवार नव्या जागा गाठण्यापेक्षा एकाच जागी महिन्याचा ठरलेला एक वार मागून घ्यावा. महिन्याचा दुसरा गुरुवार लोकांच्या लक्षात राहतो, आणि त्याची जाहिरात दर वेळी नव्याने करावी लागत नाही.

तिसरा आक्षेप कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडून येईल: आमच्याकडे कॅफे नाही, पब नाही, मिरवणूक आहे, आणि मिरवणुकीत ज्याचा बेस मोठा त्याचं नाव मोठं. इथे वर्गाचा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. मुंबई-पुण्याच्या पबचं दार इंग्रजी आणि कपडे पाहून उघडतं. तालुक्याच्या डीजेला रस्ता हाच रंगमंच मिळतो. त्याला 'आवाज कमी कर' म्हणणं सोपं आहे. तरीही आवाजावर उभी केलेली प्रसिद्धी कायद्याच्या आणि शरीराच्या दोन्ही हिशेबांत तोट्याची आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. मिरवणुकीतल्या भिंती शंभर डेसिबल सहज ओलांडतात. २०१८च्या गणेशोत्सवात 'पाला' ही ध्वनी-प्रकाश व्यावसायिकांची संघटना डीजेवरची बंदी उठवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने दिलासा नाकारला. म्हणजे ज्याचं नाव भिंतीवर उभं आहे त्याचा धंदा दर भाद्रपदात पोलीस ठाण्याच्या मर्जीवर. शिवाय मोठी भिंत भाड्याने आणता येते. ज्याच्याकडे जास्त पैसे आहेत तो पुढच्या वर्षी तुमच्यापेक्षा मोठी आणील आणि तुमची प्रसिद्धी त्याच्या नावावर जाईल. कान तर सगळ्यांत आधी वाजवणाऱ्याचेच जातात, आणि कानाशिवाय हा धंदा होत नाही. मंडळाचे कार्यकर्ते हल्ली खटल्याला वैतागलेले असतात. 'मर्यादेत वाजवतो आणि तरी पोरं नाचतात' हे वाक्य ज्याच्या नावाला चिकटेल, त्याला पुढच्या काही हंगामांत काम कमी पडणार नाही, असा माझा अंदाज आहे.

कायद्याची माहिती ही स्वतःच प्रसिद्धी ठरते, हे लग्नाच्या बाबतीत तर फारच खरं आहे. ध्वनिमुद्रित गाण्यांच्या परवान्यावरून हॉटेलं आणि लॉन्सवाले कायम धास्तावलेले असतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ येतात. केंद्राने जुलै २०२३ मध्ये तसं जाहीर सूचनेद्वारे पुन्हा सांगितलं. गोवा सरकारने २०२४च्या जानेवारीत याच धर्तीवर परिपत्रक काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. कलम मात्र कायद्यात आहेच, आणि भांडण आहे ते कुठला समारंभ त्यात बसतो याचं. पबमधली किंवा तिकिटाची पार्टी या सुटीत बसत नाही. तिथे परवाना लागतो आणि तो कुणी काढायचा हे आधी लेखी ठरवावं लागतं. हे चार मुद्दे शांतपणे सांगू शकणारा बावीस वर्षांचा डीजे लॉन्सच्या व्यवस्थापकाला दहा वर्षं जुन्या डीजेपेक्षा भरवशाचा वाटतो.

राहिला पैशाचा प्रश्न, कारण 'एक्स्पोजर मिळेल' या शब्दांखाली नवख्याकडून पुष्कळ काम फुकट करून घेतलं जातं. फुकट वाजवणं नेहमीच वाईट असं मी म्हणणार नाही. पण मोबदल्यात काय मिळतंय ते आधी ठरलेलं असावं: पूर्ण सेटचं ध्वनिमुद्रण, चित्रीकरण वापरण्याची परवानगी, फलकावर नाव, आणि पुढच्या खेपेचा दर. ध्वनिमुद्रण महत्त्वाचं, कारण ठरवणाऱ्याला पंधरा सेकंदांच्या रीलवरून काही कळत नाही. तासाभराच्या सेटमध्ये गर्दी कुठे ओसरली आणि डीजेने ती परत कशी आणली ते कळतं. असे सेट ठेवायला मिक्सक्लाउडसारखी जागा आहे, जिथे मिक्समधल्या गाण्यांच्या हक्काचे पैसे मंच भरतो आणि स्ट्राइकची टांगती तलवार नसते. दर मात्र पहिल्या कार्यक्रमाआधीच बोलून घ्यावा. फुकट वाजवून झाल्यावर दुसऱ्या कार्यक्रमाला पाच हजार मागितले की आयोजकाला ते पाच हजारांची वाढ वाटते. 'दर पाच हजार, या खेपेला घेत नाही' असं बिलावर लिहून दिलं तर पुढच्या वेळी बोलणी पाच हजारांपासून सुरू होतात.